लाल दिव्याची खातरजमा

स्वयंपाकघरातल्या हवामान-रेडिओवर तीन बारीक दिवे होते. हिरवा म्हणजे रेडिओ चालू आहे. पिवळा म्हणजे टोर्नेडो येऊ शकतो. लाल म्हणजे तो आला आहे, तळघरात जा. लाल दिव्यावर वर्लिन टकेटनं काळी चिकटपट्टी लावली होती. बास्केटबॉलचा सामना बघताना तो डोळ्यांत खुपायचा.

रेडिओचा भोंगा मात्र झाकता येत नव्हता. कॅन्ससच्या त्या भागातली रीत अशी, की रेडिओ किंचाळला की बायका तळघराकडे बघतात आणि पुरुष व्हरांड्यात जाऊन आभाळाकडे. वर्लिन गल्लीच्या आपत्ती समितीचा अध्यक्ष झाला आणि त्यानं या रीतीला नियमाचा दर्जा दिला: यंत्राच्या इशाऱ्याची डोळ्यांनी खातरजमा झाल्याखेरीज कोणीही घाबरू नये.

खातरजमा टकेटांच्या व्हरांड्यात होऊ लागली. एकाच्या नजरेवर विसंबणं अशास्त्रीय, म्हणून सभासद वाढवले. सभासद मावेनात, म्हणून व्हरांडा वाढवला. उभ्यानं निरीक्षण नीट होत नाही, म्हणून खुर्च्या आल्या, आणि माणसं बसलीच आहेत म्हटल्यावर वर्लिनच्या बायकोची, लोर्नाची, कॉफी आली. वाढता वाढता व्हरांडा अंगणात जमिनीलगत असलेल्या तळघराच्या दारावर चढला.

"खाली जायचं कसं?" लोर्नानं नवऱ्याला विचारलं. "आईंचे गुडघे बघतोस ना? त्यांना पायऱ्या उतरायलाच केवढा वेळ लागतो."

"फळ्यांत झडप ठेवलीय की!"

झडपेवर शेजारच्या स्टेन्झेलची खुर्ची होती. तिथून नैऋत्येचं आभाळ सगळ्यांत छान दिसायचं.

वेळ आली की समितीसाठी थांबायचं नाही, हे लोर्नानं मनाशी केव्हाच ठरवलं होतं. तोंडानं मात्र ती दर वेळी "साखर किती?" एवढंच विचारत आली.

मे महिन्यातल्या एका दुपारी रेडिओ किंचाळला. समिती स्थानापन्न झाली. आभाळ शेवाळासारखं हिरवं झालं होतं.

"नुसता ढग आहे, टोर्नेडोची सोंड नाही," स्टेन्झेल म्हणाला.

"सोंडच आहे," वर्लिन म्हणाला. "हलतेय बघ."

"हलणं वेगळं, फिरणं वेगळं, अध्यक्षमहाराज."

वर्लिननं ठराव मांडला: सदर वस्तू फिरत आहे. त्यावर दुरुस्ती आली: 'फिरत असल्याचे दिसते.' मतं समसमान पडली. अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत राखून ठेवलं, कारण वस्तू अद्याप लांब होती. तेवढ्यात माळावरच्या धान्यकोठाराचं छप्पर उडालं. ते समितीच्या हद्दीबाहेर असल्याचं सर्वानुमते ठरलं.

"वर्लिन," सासूबाई इमोजीन आपल्या वॉकरवर रेलून म्हणाल्या, "तुझा बापही असाच ढग ओळखत उभा राहायचा. एकदा ढगानंच त्याला ओळखलं."

"आई, मध्येच बोलू नकोस. सभा चालू आहे."

वारा एकदम पडला. लोर्नाच्या कानांत दडे बसले. हवेचा दाब असा झपाट्यानं उतरला की काय होतं, ते तिला मतदानाशिवायही कळत होतं. तिनं किटली खाली ठेवली.

"स्टेन्झेल, ऊठ."

"थांब गं, आत्ता कुठं रंगात आलंय!"

तिनं खुर्ची त्याच्यासकट मागं ओढली, झडप उघडली आणि सासूबाईंना पहिल्या पायरीवर उतरवलं. कोणी वळूनही पाहिलं नाही. सगळे फोन उंचावून चित्रण करत होते. वर्लिनही.

"मी चालले खाली," लोर्ना मोठ्यानं म्हणाली. "यायचं त्यानं आत्ता यावं. आणि पुढं काय होतं तेच ज्याला बघायचंय, त्यानं बसावं बघत."