अस्वल का शिंकलं?

गणपतरावांना मी 'हो' म्हणालो, तिथंच सगळं चुकलं.

शाहूपुरीत त्यांचं साप्ताहिक निघतं. म्हणाले, "टीव्हीवर ती जपानी कार्टूनची मालिका कधीपासनं चाललीय बघा! तिच्यावरनं काढलेला सिनेमा आलाय. मालिकेच्या तोडीचा आहे का, लिहा. जमलं तर सिनेमाचं सदर कायमचं तुमचं!"

सदर! वर छापील नाव! हापिसात आवक-जावक लिहिणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे? (मालिकेचा एकही भाग मी बघितलेला नाही, हे सांगायचं तेवढं राहिलं. ती लागते रविवारी सकाळी, आणि त्या वेळी मी मटणाच्या रांगेत असतो. कोल्हापुरात मालिका चुकली तर चालते.)

शनिवारी बायकोला, कालिंदीला, घेऊन सिनेमा गाठला. ती मालिकेची पक्की भक्त. मध्यंतराच्या आधी पडद्यावरचं अस्वल शिंकलं. नुसतं शिंकलं हो! तर अख्खं टॉकीज हमसून रडायला लागलं. कालिंदीचाही पदर डोळ्याला.

"अगं, सर्दी झालीय त्याला. रडायचं काय त्यात?"

मागनं आवाज आला, "ओ पावणं, गप बसा की! काळीज हाय का न्हाय?"

मला चैन पडेना. ते का शिंकलं हे कळल्याशिवाय परीक्षण लिहिणार कसं? दुसऱ्या दिवशी जेवताना तांबड्या रश्श्याशेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि म्हटलं, "सांग बाई, पहिल्यापासनं."

कालिंदी खुलली. सुमी नावाची पोरगी, तिचं ते अस्वल. सुमीचा बाप समुद्रात बुडाला त्या दिवशी अस्वल पहिल्यांदा शिंकलं. तेव्हापासनं ते शिंकलं की घरातलं कुणीतरी जातं.

"अस्सं होय!" मी झरझर लिहिलं: 'मालिका बघितलेल्याला हुंदका, बाकीच्यांना नुसती सर्दी.' वा! स्वतःवरच खूष झालो. मग काय, कालिंदी एकेक पात्र सांगतेय आणि मी निकाल देतोय. आजी झकास. नावाडी बरा.

"आणि तो बिचारा घाटात पाय घसरून पडला," ती वाढता वाढता म्हणाली. "आता महिनाभर बहिणीकडं राहायचं म्हणतोय."

"फालतू पात्र," मी मान वर न करता म्हणालो. "काम ना धाम, नुसतं बसून खाणार. कापून टाकायला पाहिजे."

पळी हवेतच थांबली.

"तो माझा भाऊ आहे. अंबादास. गगनबावड्याहून यष्टीत बसलाय."

त्यानंतर मालिकेबद्दल अवाक्षर नाही. मीठ मागितलं तरी भिंतीकडं बघून उत्तर. परीक्षण सोमवारी सकाळी द्यायचं आणि कागद अर्धा कोरा.

संध्याकाळी अंबादास लंगडत आत आला. कागद बघून म्हणाला, "दाजी, अर्धंच ऱ्हायलं व्हय? म्या एक भाग चुकवला न्हाय की! आणा इकडं."

लिहिलं त्यानंच. पाय केव्हाच बरा झाला, मुक्काम काही हलला नाही. गणपतरावांनी सदर कायम केलंय. वर छापील नाव असतं, अंबादासचं. प्रुफं मी तपासतो.