सुर्व्यांची अदलाबदल

सुर्वे पंगतीत माझ्या शेजारी बसले की मी आमटीची वाटी हाताने झाकून घेतो. आमटी अळणी लागली तर हा गृहस्थ मीठ मागत नाही. माझी वाटी स्वतःकडे ओढतो, स्वतःची माझ्याकडे सरकवतो, भुरका मारतो आणि जाहीर करतो, "तुमचीही अळणीच. म्हणजे दोष आमटीत आहे, माझ्या जिभेत नाही." दोष सापडतो आणि मला त्यांची उष्टी आमटी मिळते.

रत्नागिरीजवळच्या आमरसाच्या कारखान्यात सुर्वे इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर आणि मी स्टोअरकीपर. कॉलनीत आमच्या घरांची भिंतही एकच. "अदलाबदल केल्याशिवाय कुणावर आरोप करायचा नाही" हे त्यांचं एकमेव तत्त्व. आमचा रेडिओ खरखरला की तो त्यांच्या घरी जायचा आणि त्यांचा आमच्याकडे यायचा. एकदा मी नव्या चष्म्याबद्दल कुरकुर केली, तर त्यांनी स्वतःचा चष्मा माझ्या नाकावर चढवून मला मच्छीबाजारातून फिरवून आणलं. मी एका खांबाला "काय म्हणता, मास्तर?" असं विचारल्यावर माझा चष्मा निर्दोष सुटला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कारखान्यात नवा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आला. प्रत्येक टाकीतल्या रसाचं तापमान तारेतून त्या पेटीच्या एकेका चॅनेलात जायचं आणि त्यावरून पेटी वाफ कमीजास्त करायची. ऐन मे महिन्यात तीन नंबरचं चॅनेल बिथरलं. टाकीतला रस जेमतेम कोमट असायचा आणि पेटी सांगायची, उकळला! लगेच वाफ बंद. बघायला जावं तर चॅनेल पुन्हा साळसूद.

मॅनेजर कडाडले, "सुर्वे, मुंबईहून त्या चॅनेलचं नवं कार्ड मागवा! रस आंबायला लागलाय. हे ज्याच्यामुळे होतंय त्याला मी गेटाबाहेर काढणार. तुम्ही असाल तर तुम्हालाही!"

"अदलाबदल केल्याशिवाय कार्डावर आरोप नको," सुर्वे म्हणाले.

त्यांनी तीनची तार चारमध्ये घातली, चारची तीनमध्ये, आणि स्टूल ओढून पेटीसमोर बसले. मीही बसलो. नवं कार्ड आलं असतं तर त्याची नोंद मला करावी लागली असती, आणि कामाची मला पहिल्यापासून धास्तीच. दुपार कलताना चार नंबरचं चॅनेल उड्या मारायला लागलं. तीन एकदम शांत.

"बघा! दोष तारेबरोबर गेला. चॅनेल बिचारं निर्दोष." घरचं माणूस जामिनावर सुटावं तसा सुर्व्यांचा चेहरा झाला.

मग ते तारेच्या मागे निघाले आणि मी त्यांच्या मागे. तार भिंतीवरून वळून आंबे निवडायच्या शेडच्या पत्र्यावर चढली. शेडच्या मागे शेवंती बसली होती. ती आंबे निवडायला यायची. शेजारी झोळीत तिचं तान्हं पोर. समोर शेडच्या पत्र्याला टेकलेलं दुधाचं पातेलं आणि त्यात बुडवलेला, पाणी तापवायचा जुना, तडकलेला हीटर. त्यातला करंट गळून पत्र्यात उतरत होता आणि पत्र्यावरून आमच्या नाजूक तारेत.

शेवंतीचा चेहरा उतरला. "साहेब, सांगू नका ओ कोणाला. गेटाबाहेर काढतील. थंड दूध पोर तोंडाला लावत नाय."

"तारेचं राहू दे, बाई. तुम्हाला शॉक बसला असता म्हणजे?" सुर्व्यांनी हीटर उपटला, फडक्यात गुंडाळला आणि बगलेत मारला.

संध्याकाळी मॅनेजरनी विचारलं, "मग? कोण निघालं?"

"मी," सुर्वे म्हणाले. "तार पत्र्याला बांधायला नको होती. मीच बांधून घेतली."

मॅनेजर असे काही ओरडले की मीच दाराकडे सरकलो. पण हंगामात तार नव्याने ओढून देणारा दुसरा कुणी नव्हता, त्यामुळे गेटाचा विषय मागे पडला.

बाहेर आल्यावर मी कुजबुजलो, "अहो, खोटं कशाला बोललात?"

"खोटं कुठे? तार मीच नाही का बांधून घेतली?"

तार नव्या वाटेने गेली आणि तीन नंबर सरळ चालायला लागलं. पुढे एकदा काही स्क्रू द्यायला मी सुर्व्यांच्या केबिनमध्ये गेलो. कोपऱ्यात नवा हीटर होता, त्याला बैल बांधता येईल एवढी जाड अर्थिंगची तार. शेवंती शेडमध्ये कामाला गेली होती आणि तिचं पोर सुर्व्यांच्या मांडीवर होतं. सुर्वे बाटलीतला दुधाचा थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला पाडून बघत होते. जरा थांबले, मग आणखी एक थेंब पाडला.

"अहो, खिशात थर्मामीटर आहे की!" मी म्हणालो.

"ह्याला मनगटच लागतं."

"हे तुम्हाला हो कसं माहीत?" मी हसत विचारलं. त्यांच्या घरी ते आणि वहिनी, दोघंच.

"शिकून ठेवलं होतं. लग्न झालं तेव्हाच." त्यांनी बाटली पोराच्या तोंडाला लावली. "वापरायची वेळ आली नाही."

मी स्क्रू आवाज न करता टेबलावर ठेवले. पोर मुठी वळून दूध पीत होतं. सुर्वे वर न बघताच म्हणाले, "जाताना दार लोटून घ्या जरा. आत्ताच डोळा लागतोय त्याचा."