भोंगा आणि शेवटचा अंक

इनासमामांच्या मते बदमाश माणूस ओळखायला पोलीस लागत नाहीत, कान लागतात. आवाज जाड असला की माणूस बदमाश. मीटर बघायला आलेला इसम दारातून खर्जात "कोणी आहे का?" असं ओरडला की मामा आतून बहिणीला सावध करतात, "सांतान, बॅरिटोन आलाय. कपाट लाव." उलट, चिरक्या आवाजाच्या भाजीवाल्याने किडकी वांगी पिशवीत घातली तर त्याला माफी. "टेनर हाय तो. प्रेमात असेल बिचारा, लक्ष नसेल."

गिरीजमध्ये आमची इमारत मामांच्या केळीच्या वाडीला अगदी खेटून आहे. मी शाळामास्तर, मूळचा मालवणकडचा. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तक्रार घेऊन गेलो, "मामा, तुमच्या माडाची झावळी आमच्या गॅलरीत घुसते." मामांनी डोळे मिटले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग निकाल दिला, "मास्तर, तुम्ही प्रेमिक नाय. बदमाश पण नाय. तुम्ही दुसऱ्या अंकात चिठ्ठी घेऊन येणारा माणूस. दोन वाक्यं बोलायची आन् जायचं."

मला राग आला. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात मी तीन वर्षं राजा झालो होतो, तेही स्वतःच्या मिशांवर!

झावळी आजही आमच्या गॅलरीत आहे.

हे सगळं खूळ जहाजावरचं. तरुणपणी मामा एका जहाजावर कपड्यांना इस्त्री करत. जहाज इटलीच्या बंदरांना लागलं की बाकीचे बाजारात जात आणि मामा ऑपेराला. सगळ्यात वरच्या मजल्यावर, खांबाला टेकून उभं राहायची जागा. भाषेचा एक शब्द कळत नसे, त्यामुळे कथा त्यांनी डोळ्यांनी वाचल्या आणि पात्रं आवाजावरून ओळखली: बारीक आवाजाचा टेनर म्हणजे प्रेमिक, जाड आवाजाचा बॅरिटोन म्हणजे बदमाश. नाव तर एकाही ऑपेराचं ठाऊक नाही. 'पिवळा झगा', 'लंगडा सरदार', 'विहिरीवाली' अशी नावं त्यांनीच ठेवली. आणि शेवट? शेवट त्यांनी एकाचाही पाहिलेला नाही. रात्री ठरल्या वेळी जहाजाचा भोंगा व्हायचा आणि मामांना धावत बंदर गाठावं लागायचं.

या अर्ध्या कथा ऐकायच्या तर सुकेळ्यांच्या दिवसांत. पिकलेली राजेळी केळी सोलून अंगणात चटयांवर उन्हात घालायची, रोज उलटायची, चांगली मधासारखी झाली की वाळल्या पानात बांधायची. हे काम सांतानमावशीचं. मामांची धाकटी बहीण. लग्न केलेलं नाही. साठी ओलांडलेली, पाठीने ताठ, बोलण्याला काटकसर. ती आणि शेजारची रोझीबाई केळी उलटतात आणि मामा ओट्यावरून ऑपेरा सांगतात.

"आता तो सरदार," मामा हात पसरतात, "आपल्याच बायकोवर लाइन मारतो!"

"आपल्याच?" रोझीबाई.

"काळोख हाय ना! तिनं मोलकरणीचा झगा घातलाय. त्याला वाटतं मोलकरीण."

"आवाज नाय ओळखला बायकोचा?"

"ती गातेय, रोझी. घरात कुठं गाते ती? घरात ओरडते."

"मग?"

"मग मोलकरणीचा नवरा झाडामागून बघतो. त्याला वाटतं माझी बायको फसवते. सुरा काढतो. तिकडून खरी मोलकरीण बावखलात उडी मारायला धावते..." बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. इटलीत ते कुठून आलं हे विचारायचं नाही. मामांच्या इटलीत माडही आहेत.

"आन् शेवट?" सांतानमावशी मान वर न करता विचारते. हा प्रश्न नेहमी तिचाच.

"भोंगा झाला," मामा म्हणतात. "मी उठलो."

मामांचा स्वतःचा आवाज मात्र बारीक. बारीक म्हणजे कुणीतरी वरून दोरीने ओढून धरल्यासारखा. चर्चच्या गायकवृंदात ते वरच्या पट्टीत गातात तेव्हा मानेच्या शिरा अशा ताणतात की शेजारचे म्हातारबुवा काळजीने त्यांच्या कॉलरकडे बघत राहतात. गावातली लग्नंही मामा याच मापाने मोजतात. रोझीबाईच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा मुलाला त्यांनी आधी गायला लावलं. मुलगा निघाला बेस, म्हणजे बॅरिटोनच्याही खालचा. मामांनी मुलीच्या बापाला कोपऱ्यात घेतलं, "बेस म्हणजे एक तर बाप, नाय तर सैतान. नवरा नाय!" लग्न झालंच. जावई आता अंगाई गातो तेव्हा वाडीतले बेडूक गप्प होतात, पण पोर झोपतं.

आता माझा गुन्हा सांगतो.

मामांची एक कथा वारंवार यायची, 'चिठ्ठी'. एक भाऊ, एक बहीण. बहिणीवर गावातल्या टेनरचं प्रेम. तो लाजाळू, म्हणून चिठ्ठी लिहितो. चिठ्ठी पडते भावाच्या हातात. भाऊ बॅरिटोन. तो चुलीपाशी उभा राहून गायला लागतो... भोंगा! हा भोंगा मी निदान सात वेळा ऐकला असेल. एका दुपारी माझ्यातला जत्रेतला राजा खवळला. मी चटईच्या कडेवरून उठलो, उपरणं नव्हतं म्हणून रोझीबाईचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि गरजलो, "मी सांगतो शेवट! त्या नीचाने चिठ्ठी चुलीत घातली! टेनरने दुसरीशी लग्न केलं! बहिणीने जन्मभर वाट पाहिली, आणि मरताना भावाला शाप दिला, 'तुझ्या तोंडून पुन्हा सूर निघणार नाही!'"

रोझीबाईने टाळ्या वाजवल्या. दोनच. मामांचा चेहरा केळीच्या सालीसारखा उतरला होता. ते उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. सांतानमावशीने हातातलं केळं उलटलं. मग तेच पुन्हा उलटलं.

"मास्तर," ती म्हणाली, "टॉवेल ओला हाय. सर्दी होईल."

तीन दिवस मामा ओट्यावर आले नाहीत. रविवारी चर्चमध्ये मिस्सालाही गेले नाहीत, हे रोझीबाईने मला अशा नजरेने सांगितलं की मी वाडीतून जायचं सोडून रस्त्याने वळसा घालू लागलो. चौथ्या दिवशी मात्र मन घट्ट करून माफी मागायला गेलो. मावशी एकटीच चटईपाशी होती. काय बोलावं ते ठरवत होतो, इतक्यात दार उघडलं. मामा उंबऱ्यात उभे राहिले. दाढी वाढलेली. त्यांना मी दिसलोही नसेन.

"सांतान," ते म्हणाले, "त्या चिठ्ठीवाल्या ऑपेराला भोंगा नव्हता झाला."

मावशी केळी उलटत राहिली.

"अजून तासभर होता. मलाच बघवलं नाय. मी उठलो." त्यांनी चौकट धरली. "आई नुकती गेलेली. मला जहाजावर जायचं होतं. तू लग्न करून त्याच्या गावी, गासला, गेली असतीस तर वाडी कोण बघणार? म्हणून मी ती..."

"चुलीत घातलीस."

मामांनी मागे वळून चुलीकडे पाहिलं.

"या घरात चुलीची राख कोण काढतं, दादा?" मावशी म्हणाली. "कोपरा राहिला होता जळायचा. त्याचं अक्षर मी ओळखत नव्हते होय?"

"चाळीस वर्षं तुला ठाऊक हाय?"

"हाय."

"मग बोलली का नाय?"

"तू गेलास जहाजावर. कुणाशी बोलू? आन् त्याला जाऊन सांगायचं तर मला पण ताठा होता. म्हटलं, एका चिठ्ठीत थकला तर थकू दे. सहा महिन्यांत चर्चमध्ये त्याच्या लग्नाची घोषणा ऐकली." तिने एक केळं उचललं, उन्हात धरून पाहिलं. "त्या दिवशी घरी येऊन खूप रडले. नंतर तू रजेवर आलास. तीन वर्षं, यायचास तेव्हा, तुझ्या चहात साखर नाय घातली."

"मला वाटलं," मामा हळूच म्हणाले, "जहाजाच्या चहानं माझी जीभ गेली."

"म्हणून तर राग येत होता. शिक्षा केली तरी कळेना!"

मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. आपण इथून जावं, असं वाटत होतं. पण दुसऱ्या अंकात चिठ्ठी घेऊन येणाऱ्या माणसाने नंतर कुठे उभं राहायचं, हे मामांनी कधी सांगितलंच नव्हतं.

मामा पायऱ्या उतरले. चटईच्या कडेला, बहिणीपासून हातभर अंतरावर बसले. मग त्यांनी तिचाच प्रश्न विचारला.

"आन् शेवट?"

मावशीने वर पाहिलं. मामांकडे नाही, आभाळाकडे.

"शेवट काय असणार? ढग येतोय. केळी उलट."

मामा केळी उलटू लागले. नीट जमत नव्हतं, दोन चिरडली. मावशीने ती मुकाट्याने माझ्या हातात दिली. मी खाल्ली. हळूहळू मामा काहीतरी गुणगुणायला लागले, आणि मी खाता खाता थांबलो. मान ताणलेली नव्हती. वरून ओढणारी दोरी सुटली होती. आवाज पोटातून येत होता, माडाच्या बुंध्यासारखा जाड. अगदी अस्सल बॅरिटोन.

मावशीने शेवटची रांग उलटली आणि पदराला हात पुसले.

"आता सूर बरा लागला," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.