आईंचे ठोके चढेनात

आमच्या सासूबाई चहाचा कप खाली ठेवताना आधी करंगळी टेबलाला टेकवतात. करंगळी टेकली की मग कप, अगदी अलगद, काडीचाही आवाज न करता. मला ती लकब फार आवडायची. वाटायचं, काय नजाकत आहे या बाईच्या हाताला!

निरीक्षण हा माझा पेशाच. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. थेंबभर पाण्यात कोण पोहतंय, कोण मेलंय आणि कोण मेल्याचं नुसतं सोंग करतंय, हे मी सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगते. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं मी आल्यागेल्याला ऐकवत असे. हल्ली ऐकवत नाही.

तर विषय आईंच्या मोतीबिंदूचा. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं त्याला वर्ष उलटून गेलं, पण आई काही बधेनात. कधी ऊन फार, कधी थंडी फार, कधी खांदा दुखतोय. सगळी कारणं संपली तेव्हा त्यांनी डॉक्टरलाच धरलं.

"त्याला अजून धड मिशी फुटलेली नाही. तो माझ्या डोळ्यात सुरी घालणार?"

"आई, अहो, किती लहानसं काम असतं ते!"

"मग तूच कर की घरी!"

वर पुन्हा, "मला सगळं लख्ख दिसतं. किती वाजले सांगू? चार!"

आणि भिंतीवरच्या घड्याळात खरोखरच चार वाजलेले असत. पुरावाच समोर आल्यावर माझ्यासारखीने काय बोलायचं?

मी निदान केलं: भीती. आणि भीतीवर उपायही शोधला: आणखी भीती! योजना शास्त्रशुद्ध होती. एक जुना, गाजलेला, कृष्णधवल भयपट लावायचा. आईंच्या बोटाला नाडीचे ठोके मोजणारा चिमटा लावायचा. भीतीचा प्रसंग आला की आकडा चढेल, प्रसंग गेला की उतरेल. मग तो दाखवून म्हणायचं, "बघा आई, भीती अशी येते नि जाते. आपलं काही वाकडं होत नाही." की लगेच ऑपरेशनची तारीख! तुलनेसाठी दुसरा चिमटा नवऱ्याच्या बोटाला. नवरा पूल बांधतो. नदीवर दोराला लोंबकळत बोल्ट तपासतो.

"मी? सिनेमाला घाबरू?" तो म्हणाला. "हॅ!"

रविवारी दुपारी तयारी सुरू झाली. रिमोटचे सेल संपले होते, म्हणून नवरा खाली दुकानात गेला. मी स्टुलावर चढून खिडकीवर जाड चादर लावत होते. तेवढ्यात बेल वाजली. आईंनी दार उघडलं.

"आलास? जा, आधी बाथरूममध्ये जा. आणि तो बनियन बदल, कळकट झालाय नुसता. आवर लवकर, सगळे थांबलेत!"

बाथरूमचं दार लागलं. किल्ली विसरला वाटतं, असं म्हणून मी चादर ताणत राहिले. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा करून आणला, तर नवरा सोफ्यावर बसून रिमोटमध्ये सेल घालत होता. सगळं जिथल्या तिथे. प्रयोग सुरू!

सिनेमा म्हणजे एक बाई, एक रिकामं घर, एक लांब जिना आणि जिन्याच्या टोकाला एक बंद दार. बोलणं जवळजवळ नाहीच. नुसती सावली हलायची, तीही हळूहळू. पहिल्याच सावलीला नवऱ्याचा आकडा रॉकेटसारखा सुटला! त्याने उशी पोटाशी धरली. दुसऱ्या सावलीला ती तोंडापर्यंत आली.

आईंचा आकडा मात्र ढिम्म.

"ही बाई बोलत का नाही काही?" आईंनी विचारलं.

"आई, ती घाबरलीय!"

"मग निजावं घरी जाऊन. जिने कशाला चढतेय?"

मी थक्क. जिन्यावरचा दिवा आपोआप विझला, नवऱ्याने माझ्या दंडात नखं रुतवली, आणि आई शांतपणे चहा फुंकत होत्या. ही बाई आणि ऑपरेशनला घाबरते? माझं निदान कोसळायला लागलं.

मागून आवाज येऊ लागला. ठक्. मग शांतता. मग पुन्हा ठक्, ठक्.

"काय आवाजाची करामत आहे बघ!" मी नवऱ्याच्या कानात म्हटलं. "जिना समोर, आणि आवाज थेट पाठीमागून!"

आमच्या टीव्हीला एकच स्पीकर आहे, आणि तो पुढे आहे. पण शास्त्रज्ञ एकदा कौतुक करायला लागला की त्याला थोपवणं कठीण.

पडद्यावर ती बाई दारापाशी पोचली. तिने कडीला हात लावला. दार किंचित कुरकुरलं. आणि त्याच क्षणी आमच्या मागचंही दार कुरकुरलं!

मी वळून पाहिलं. बाथरूमच्या उजेडात एक उंचापुरा माणूस उभा होता. केसांतून पाणी ठिबकतंय. हातात हे एवढं लोखंडी आयुध!

नवरा किंचाळला. कसा? आमच्या प्रयोगशाळेचा भोंगा त्यापुढे अंगाई वाटावा! रिमोट छातीशी आवळत त्याने सोफ्यावरून पलीकडे उडी घेतली, त्या झटापटीत कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि पडद्यावरचं दार अर्धवट उघडून थिजलं. किंकाळी ऐकून शेजारच्या शिंपीणकाकू धावत आल्या. गळ्यात टेप, हातात कापड कापायची लांबलचक कात्री! ती कात्री पाहून आता तो आयुधवाला किंचाळला.

"अरे, किंचाळतोस काय लहान पोरासारखा?" आई त्या माणसाला म्हणाल्या. "ये इकडे, बस. किती हा भिजलास! अजून डोकं पुसता येत नाही तुला?"

तो बिचारा हुकूम मानून बसला. आईंनी मांडीवरचा नॅपकिन घेतला आणि त्याचं डोकं खसाखसा पुसायला लागल्या.

"आई," सोफ्यामागून क्षीण आवाज आला, "मी इकडे आहे."

आईंचा हात थांबला.

"मी प्लंबर," तो माणूस अवघडून म्हणाला. "साहेबांनीच आज बोलावलं होतं."

"नळ गळतोय ना... सांगायचं राहिलं," सोफा बोलला.

"आजींनी दारातच सांगितलं, आधी बाथरूममध्ये जा. म्हटलं, घाईचं काम दिसतंय. फक्त ते बनियनचं जरा मनाला लागलं."

शिंपीणकाकू फिस्सकन हसल्या. मी हसले नाही. माझं लक्ष आईंच्या बोटावरच्या चिमट्याकडे गेलं होतं. इतका वेळ ढिम्म असलेला आकडा चढत होता. भराभर चढत होता.

"पोटचा पोरगा ओळखला नाही मी," आई हळूच म्हणाल्या.

त्यांनी नॅपकिन पुन्हा मांडीवर ठेवला.

"उंचीवरून, चालण्यावरून ओळखते मी तुम्हाला. एवढंच राहिलंय. धूसर तर धूसर, आहे ते आहे. ऑपरेशनच्या टेबलावर गेले आणि हातचं तेही गेलं तर?"

"पण मग घड्याळ, आई?"

"अगं, टोले पडतात की त्याचे!"

त्यांनी कप खाली ठेवायला घेतला. आधी करंगळी टेबलाला टेकली. नजाकत कसली! टेबल कुठे संपतंय ते त्या चाचपत होत्या, रोज, माझ्या सूक्ष्मदर्शी डोळ्यांदेखत.

मी त्यांचा हात धरला. भीतीवरचं माझं तयार भाषण होतं, ते आठवेना.

प्लंबर मात्र पडद्याकडे टक लावून बसला होता. "त्या दारामागे काय आहे हो?"

"कुठलं दार?" आईंनी विचारलं.

"समोर, टीव्हीत. अर्धं उघडलंय. आतून कोणीतरी बघतंय वाटतं."

"कोण बघतंय?" आई आमच्याकडे वळल्या. "सांगा की!"

"मी डोळे मिटले होते," नवरा उशीसकट वर येत म्हणाला.

"मी तर आत्ताच आले बाई," शिंपीणकाकू.

"मी आकडे बघत होते," मी कबूल केलं.

"शाबास! घरभर धडधाकट डोळे, आणि एकालाही धड सांगता येईना!"

नवऱ्याने रिमोट उचलला. "थांब आई, लावतो पुढे. मी बघून सांगतो."

"तू? सोफ्यामागून?" आईंनी हात पुढे करून त्याला अडवलं. त्या क्षणभर पडद्याच्या दिशेने बघत राहिल्या. चिमट्यावरचा आकडा अजून चढलेलाच होता. "बंद कर तो सिनेमा. ते दार राहू दे तसंच. त्यामागे कोण आहे ते माझं मी बघेन."

मग माझ्याकडे वळून, या खेपेला अगदी बरोबर माझ्याकडे, म्हणाल्या, "फोन लाव त्या बिनमिशीच्या डॉक्टरला. म्हणावं, डोळा करून टाकायचाय. आणि याला घरीच ठेव, तिथे किंचाळेल!"