परुळेकरकाकांचं दहनशास्त्र

स्मशानात माणसं आवाज खाली ठेवतात. परुळेकरकाकांचा मात्र तिथेच चढतो. ट्रॉली विद्युतदाहिनीत सरकणार, लोक डोळे पुसताहेत, आणि अशा वेळी मागून तोफ सुटते, “थांबा! पेसमेकर काढला का रे?”

या आरोळीने एकदा खुद्द मढं दचकलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. कुणी मानत नाही, तो भाग वेगळा.

आमच्या तळमजल्यावरचे गायकवाड आजोबा गेले तेव्हाची गोष्ट. बुद्धवंदना झाली, सगळे हात जोडून उभे, आणि काका ओरडले. आजोबांचा मुलगा वैतागला. “काका, बाबांना पेसमेकर नव्हता हो!” तेवढ्यात त्याची बहीण रडता रडता थांबली. “होता रे दादा. नागपूरला माझ्याकडे आले होते तेव्हा बसवला. तुला टेन्शन नको म्हणून बोलले नाहीत.”

झालं! डॉक्टर आला, छातीतली डबी निघाली, मगच ट्रॉली हलली. “नाहीतर आत बॉम्ब फुटला असता,” काका म्हणाले. “इंग्लंडात हे विचारल्याशिवाय बटणाला हात लावत नाहीत.” तेव्हापासून दाहिनीवरचा माणूस काका दिसले की खुर्ची सोडून उभा राहतो. मंत्र्यालासुद्धा तो उठत नाही.

काका मूळचे मालवणचे. उभा जन्म विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात गेला. अमका खरंच झटक्याने गेला की भावाने चहात काही घातलं, हे शोधून काढायचं काम. त्यात अर्ध्या वेळा काका पोचेपर्यंत नातेवाइकांनी अग्नी दिलेला असायचा. “विष गेलं, जखम गेली, पुरावा गेला! राख बोलत नाही, मेल्यानू!” हे त्यांचं पालुपद. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं तरी काका त्याला म्हणायचे, “राख बोलत नाही, पण दूध बोलतं हां!”

निवृत्तीनंतर त्यांनी साऱ्या जगाचे दहनाचे कायदे पाठ केले. आमच्या चारकोपमध्ये लोक एकमेकांना गाव विचारतात. काका विचारतात, “तुला कुठच्या देशात जळायला आवडेल?” आणि उत्तराची वाट न बघता देश सुचवतात. जपानात चोवीस तास झाल्याशिवाय जाळत नाहीत, मेलेला उठून बसला तर त्याला संधी असावी म्हणून. जर्मनीत दहनाआधी दुसरा डॉक्टर येऊन प्रेत नव्याने तपासतो. “एका डॉक्टरवर विश्वास नाही! याला म्हणतात सुधारलेला देश.”

एका लग्नात ते चायनीजच्या काउंटरपाशी उभे होते. नवरदेवाच्या मामाने काड्यांनी नूडल्स उचलल्या मात्र, काका सुरू झाले. “जपानात दहन झालं की घरचे लोक अशाच काड्यांनी हाडं उचलतात. दोघांनी मिळून एक हाड. म्हणून जेवताना या काडीतून त्या काडीत घास दिलेला तिथे चालत नाही.” मामाने प्लेट खाली ठेवली. मग शेजारच्याने. मग रांगेने. त्या रात्री उरलेल्या नूडल्सवर आमच्या सेक्टरमधली कुत्री आठवडाभर जगली.

काकू होत्या तेव्हा या सगळ्याला लगाम होता. “अहो, पुरे! जिवंत माणसं जेवतायत!” एवढं म्हणायच्या आणि काका गप्प. काकू वाघीण, पण पाण्याला घाबरायच्या. मालवणच्या असून! एकदा आम्ही सगळे खाडीपलीकडे गोराईला निघालो. बोटीत घोट्यापर्यंत पाणी आलं, तर त्यांनी अशी किंकाळी फोडली की नावाड्याने बोट परत धक्क्याला लावली. काका काकूंबरोबर रिक्षाने घरी. परत कधी त्यांनी खाडीचं नाव काढलं नाही.

त्या गेल्या आणि काकांचा अभ्यास बदलला. जाळण्याआधीचे कायदे मागे पडले, राखेचे पुढे आले. कुठे राख विमानातून नेता येते, कुठे जमिनीत पुरावी लागते. फ्रान्समध्ये राखेचे वाटे करता येत नाहीत आणि ती घरीही ठेवता येत नाही, हे सांगताना त्यांचा चेहरा पडला होता. मला वाटलं, फ्रान्सची कीव करताहेत.

आणखी एक झालं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतातून वरच्या मजल्याचं पाणी पाझरायला लागलं. पाझर म्हणजे किती? दिवसातून एखादा थेंब, तोही मूड असला तर. पण काकांनी सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझा जो छळ मांडला, तसा कुणी खुनाच्या आरोपीचा मांडला नसेल. प्लंबर झाला, वॉटरप्रूफिंग झालं, थेंब काही हटेना. शेवटी त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवर छत्री उघडून बांधली. घरात छत्री! सगळ्या बिल्डिंगने ठरवलं, म्हातारा गेला कामातून.

त्यांचा मुलगा निलेश जर्मनीत असतो. गेल्या महिन्यात तो बापाला कायमचं न्यायला आला आणि आपली बाजू मांडायला त्याने मला बोलावलं. स्वयंपाकघरात बसलो.

“बाबा, जिना चढताना धापा टाकता तुम्ही. इथे पडलात तर कळेल का कुणाला?”

“जर्मनी झकास देश,” काका म्हणाले. “दोन-दोन डॉक्टर.”

“मग चला ना!”

“राख घरात ठेवू देत नाहीत रे तिथे.”

“बाबा! तुम्ही अजून मेला नाहीत!”

“माझी कोण म्हणतोय?”

काका उठले, स्टूल ओढायला लागले. निलेशने त्यांना बसवलं आणि स्वतः चढला. छत्रीच्या खाली, कोकमाच्या बरणीमागे, पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेला तांब्या होता. आपल्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. झाडाला बांधतात, नाहीतर स्मशानातच ठेवतात, आणि पाण्यात सोडून मोकळे होतात.

“बाबा, तुम्ही तर नाशिकला जाऊन…”

“गेलेलो ना. पायरीपर्यंत गेलो. पाण्यात हात घातला तर थंडगार होतं.” काका ओट्याकडे बघत बोलत होते. “गोराईच्या बोटीत ओरडलेली बाई ती. तिला नदीत कशी लोटू? म्हटलं, पाण्याशिवाय कुठे काय करतात बघूया. सगळे देश बघितले रे. शेवटी आपलाच बरा. इथे घरात येऊन कोण विचारत नाही.”

निलेश स्टुलावर तसाच उभा. तांब्या पोटाशी धरलेला. मग त्याने हळूच छत्री बाजूला केली, छताला तळवा लावला आणि मला विचारलं, “दादा, वरचे लोक आहेत का घरी?”

तिकीट त्याने पुढे ढकललं. वरच्यांची मोरी उखडली, पाइप बदलला, लादी नवी बसवली. मी मध्ये पडून भांडण कसं मिटवलं ते सांगायला बसलो तर रात्र होईल. काम झाल्यावर वर भरपूर पाणी सोडून ठेवलं आणि आम्ही खाली आलो. निलेश पुन्हा स्टुलावर चढला, छतावरून हात फिरवला.

“बाबा, कोरडं आहे.”

काकांनी छत्री मिटली. मग दोन्ही हातांनी तांब्या वर दिला.

“त्या कोपऱ्यात सरकव जरा,” ते म्हणाले. “नळापासून लांब.”