आसगावच्या पटात माझी मोटार पहिली

आधीच सांगून टाकतो, आसगावच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींत, एकट्याने बसायच्या मोटारींची शर्यत एकदाच झाली, १९८२ साली, आणि तिच्यात पहिला नंबर माझा आला! पटाच्या वहीत तसं लिहिलेलं आहे. पुढचं वहीत नाही, म्हणून मी सांगतो.

मी तेव्हा नुकताच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो. नोकरी नव्हती, पण मोटार होती. बाभळीचा सांगाडा, पुढे सायकलची चाकं, मागे मोडक्या स्कूटरची आणि इंजिन आमच्या विहिरीवरचं. पेट्रोलवर सुरू होणारं, रॉकेलवर चालणारं, तीन अश्वशक्तीचं. उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, तोंडावर होता आणि पाणी ओढायला ते इंजिन लागणारच होतं. तरी बाबांनी ते दिलं, एका अटीवर.

"जिंकला तर मशीन तुही," बाबा म्हणाले. "हारला तर संध्याकाळी विहिरीवर पाहिजे. अन् सकाळी तू माह्यासंगं चिखलात."

मग मोटारीभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, "याले ब्रेक कुठी हाये?"

मी हसलो. पटात बैलांना कुठे ब्रेक असतो? शर्यत संपते तिथे जोडी धरायला आठ-दहा तगडे गडी उभे असतात. ते सुसाटलेले बैल धरतात, तर माझी मोटार का नाही धरणार? ब्रेक म्हणजे उगाच चार किलो वजन! बाबा नुसते मोटारीकडे बघत राहिले, वासराचा पाय वाकडा निघाल्यावर बघावं तसे.

पटाच्या दिवशी पहाटेपासून पाऊस. माघात पाऊस! बैलांचे पाय घसरून मोडतील म्हणून एकेका मालकाने जोडी परत नेली. पटाचे प्रमुख श्यामराव हवालदिल झाले. दहा गावांची माणसं पोती डोक्यावर घेऊन उभी होती आणि दाखवायला काहीच नव्हतं. मोटारींची शर्यत जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून ठेवली होती. आता तीच मुख्य झाली.

मोटारी दोनच. दुसरी तुमसरच्या एका राइस मिलमधल्या फिटरची, भय्याजीची. पत्र्याची, लालभडक, स्कूटरचं इंजिन, वर आरसासुद्धा! त्याने माझी मोटार न्याहाळली आणि ही पाणीही ओढते का, असं विचारलं. ओढायची, असं खरं उत्तर द्यावं लागलं.

पण विज्ञान माझ्या बाजूने होतं. मी पटाची माती बोटांनी चोळून पाहिली. घर्षण जवळजवळ शून्य. गुळगुळीत टायर जागेवरच फिरणार! मी मोटार ढकलत लोहाराकडे नेली. त्याच्याकडे धानाच्या चिखलणीसाठी केलेली, पात्यांची लोखंडी चाकं पडली होती. तासाभरात ती मागे बसवली. रॉकेल अर्धा लिटर पुरलं असतं, पण शास्त्रात सुरक्षिततेचा गुणांक असतो. मी चारपट भरलं.

रुमाल पडला. भय्याजीची मोटार जागच्या जागी फिरून स्वतःच्याच खड्ड्यात बसली. त्याच्या चाकांचा चिखल थेट श्यामरावांच्या फेट्यावर! माझी पाती मात्र जमिनीत रुतली आणि मोटार निघाली. अडीचशे मीटर, एकोणपन्नास सेकंद! (बैल हेच अंतर पंधरा सेकंदांत जातात, पण बैल तर घरी गेले होते.) लोक ओरडत होते, टोप्या उडत होत्या. बांधावर बाबा उठून उभे राहिलेले मी डोळ्यांनी पाहिले.

शर्यत संपली. समोर जोडी धरणारे गडी हात पसरून उभे होते. मोटार जवळ आली तशी त्यांच्या लक्षात आली एक गोष्ट, जी माझ्या लक्षात आली नव्हती. धरायला वेसण नव्हती.

"धरा!" मी ओरडलो.

"कायले धरू बे?" असं म्हणत पहिल्याने उडी मारली, आणि मागोमाग सगळ्यांनी.

मी इंजिन बंद करायची तार ओढली. ती हातात आली. सुकाणूची डावी दोरी तुटली. मोटार बांध ओलांडून, पटाला लागून शेत असलेल्या गोदावरीबाईंच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात शिरली आणि उजवीकडे गोल फिरू लागली. उडी मारावी तर मागे पाती फिरत होती. रॉकेल, तुम्हाला आठवत असेल, चारपट होतं.

गोदावरीबाईंचा चिखलणीचा गडी सकाळीच पट पाहायला पळाला होता. रोवणाऱ्या बाया पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या घेऊन बांधावर ताटकळत बसल्या होत्या. तीन फेऱ्यांनंतर बाईंनी चिखलात हात घालून पाहिला. सातव्या फेरीला बाया खाली उतरल्या आणि माझ्यामागे रोवणा करू लागल्या.

"बाबू," बाई म्हणाल्या, "थो कोपरा राहून गेला."

सुकाणू नाही, असं मी ओरडून सांगितलं. त्यांनी लांब बांबू आणून माझं पुढचं चाक कोपऱ्याकडे वळवलं, कुरणातून म्हैस वळवावी तसं.

सव्वा तासाने रॉकेल संपलं. श्यामरावांनी चिखलातच माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि जिंकणाऱ्या जोडीसाठी ठेवलेलं सरकीच्या ढेपेचं पोतं माझ्या मांडीवर ठेवलं. भय्याजीने हात मिळवला. आता मीही लोखंडी चाकं लावीन म्हणाला.

बाबा शब्दाचे पक्के. "मशीन तुही," ते म्हणाले. माझी छाती पुढच्या चाकाएवढी फुगली. मग ते गोदावरीबाईंकडे वळले. पाच मिनिटांत ठरलं की बाईंच्या विहिरीचं पाणी आमच्या धानाला, आणि माझी मोटार बाईंच्या उरलेल्या चार बांध्यांना. तोवर मागे आणखी सहा जण नाव सांगायला उभे होते.

त्या हंगामात मी आसगावच्या सत्तावीस बांध्या चिखलल्या. एकट्याने बसायची, स्वतःच्या डोक्याने बनवलेली, पहिल्या नंबराची मोटार! ब्रेक अजून बसवलेला नाही. चिखलात लागत नाही.