कुंपणाचा लाल रंग

"यंदाचं दुग्नाद असं करून दाखवतो, की सगळ्या बर्गनमध्ये नाव निघेल!" आर्नफिनने सकाळीच बायकोला ठणकावलं. दुग्नाद म्हणजे नॉर्वेतलं वसंतातलं शेजाऱ्यांचं श्रमदान, आणि आर्नफिन म्हणजे सोसायटीचा अध्यक्ष. जुनं कुंपण आज लालचुटूक व्हायचं होतं. रंगाचे डबे तळघरात सज्ज होते.

"रंगव बाबा," बोर्गहिल म्हणाली, "पण फाटकाचं काय? ओस्लौग आजी किती वर्षं मागतेय!"

कुंपणाच्या अलीकडे आर्नफिनची मालकीच्या घरांची सोसायटी, पलीकडे नगरपालिकेची भाड्याची घरं. ओस्लौग आजी अलीकडे, तिची जिवाभावाची मैत्रीण होदान पलीकडे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून टेकडीचा वळसा आजीला झेपेना. दोघी फटीतून गप्पा मारायच्या आणि कॉफीचा पेला कुंपणावरून द्यायच्या. निम्मी कॉफी गवताला!

"फाटकाचा विषय समितीपुढे आहे," आर्नफिन म्हणाला. समितीपुढे गेलेला विषय परत आलेला आजवर कुणी पाहिला नव्हता.

खाली येऊन त्याने शेजारच्या सिगब्योर्नला फर्मावलं, "त्या कोपऱ्यातल्या फळ्या कुजल्यात, तेवढ्या काढ. मी सगळ्यांसाठी गरम वॉफल भाजून आणतो!"

तळघरात त्याने वॉफलचं यंत्र लावलं, आणि फट्! फ्यूज उडाला. अंधारात तो फ्यूज शोधत चाचपडत होता, तेव्हा वर सिगब्योर्न फळी उपटत होता. पलीकडून होदानने ते पाहिलं.

"अगं बाई, कुंपण काढतायत! आणि आपण घरात बसलोय? काय म्हणतील लोक?"

शेजारी घाम गाळत असताना खिडकीतून बघत बसणं म्हणजे तिथे नाक कापलं जाणं. आणि 'कशासाठी?' असं विचारणं त्याहून वाईट, दुग्नादची सूचना वाचली नाही हे उघड होईल! होदानने जिन्यात उभं राहून हाक दिली. अख्खी इमारत हातोड्या, पहारी घेऊन उतरली. त्यांना बघून आर्नफिनची माणसं चपापली. 'ठरलेलं दिसतंय, आपणच मागे!' असं म्हणून तीही भिडली. सिगब्योर्न दोनदा म्हणाला, "अहो, फक्त कोपऱ्यातल्या..." पण ठोकाठोकीत ऐकतंय कोण!

आर्नफिन वॉफलचं ताट घेऊन वर आला आणि दारातच थिजला. कुंपण गायब! फळ्या एकीकडे नीट रचलेल्या, खिळे डब्यात.

"हे... हे कुणी..."

पण दुग्नादमध्ये घामाघूम माणसाला 'कशाला केलंत?' असं विचारायची छाती कुणाची? तेवढ्यात काठी टेकत ओस्लौग आजी निघाली. ती हळूहळू गवत तुडवत, जिथे सकाळपर्यंत फळ्या होत्या तिथून सरळ पलीकडे गेली. होदानने तिला मिठीत घेतलं. दोघी रडल्या आणि मग स्वतःच्याच रडण्यावर हसल्या.

आजीने मागे वळून पाहिलं. "आर्नफिन, फाटक मागितलं तर अख्खं कुंपणच काढलंस रे! आणि मी मेली तुला आळशी म्हणत होते. माफ कर हो."

आर्नफिनने हातातलं ताट सावरलं. "छे, आजी... योजनाच तशी होती."

बोर्गहिलने त्याच्याकडे असं पाहिलं, की वॉफलवरचं तपकिरी चीजही घसरलं.

"मग तळघरात तो लाल रंग कशासाठी आणलाय?" सिगब्योर्नने भाबडेपणाने विचारलं.

"तो होय?" आर्नफिनची नजर फळ्यांच्या ढिगावर गेली. "बाकासाठी! इथेच, मधोमध!"

"वा! अध्यक्ष स्वतः बनवणार!" दोन्हीकडून टाळ्या पडल्या. जन्मात हातोडी न धरलेल्या अध्यक्षाने मग संध्याकाळपर्यंत बाक ठोकला. तो आजही डुगडुगतो. ओस्लौग आजी आणि होदान त्यावर रोज कॉफी पितात, आणि निम्मी अजूनही गवतालाच जाते.